आईच्या प्रार्थनेचं फळ

आई,

रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर नव्या पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. जळालेली विजेची मोटर उघडून तिच्यात नवी तार कशी भरायची, हे आयटीआयच्या मुलींना शिकवायला मी आता आठवड्यातून दोनदा जाते. मंडळीला त्याचं कौतुक, म्हणून शाल. इथवर ठीक होतं. पण शाल अंगावर घालून झाल्यावर पाळकसाहेब माइककडे वळले आणि म्हणाले, "यांच्या मातोश्रींना मी कधी भेटलो नाही, पण ऐकून आहे. लेकीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं गुडघे टेकले. आज आपण बघतो आहोत ते त्या आईच्या प्रार्थनेचं फळ आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या शेजारी बाकावर बसायच्या त्या म्हाताऱ्या काकू पदराने डोळे पुसत होत्या. मग पाळकसाहेबांनी माइक माझ्याकडे दिला, देवाने काय केलं त्याची साक्ष द्या म्हणाले. मी "आभारी आहे" एवढंच म्हटलं आणि पायाचा लोखंडी कॅलिपर खटखटवत जागेवर येऊन बसले. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. मला गहिवरून आलं नव्हतं. माझ्या कानशिलाच्या शिरा उडत होत्या.

आज बुधवार, दुपारचं दुकान अर्धं बंद करून मी हे लिहायला बसले आहे. तीन दिवस झाले तरी राग उतरत नाही. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत कधी मी तुझ्याशी भांडले नाही, कारण मेलेल्या माणसाशी भांडू नये असं तूच शिकवलंस. पण आता लोक तुझं नाव माझ्या कामावर चिकटवायला लागले, तेव्हा काय झालं ते एकदा नीट सांगितलंच पाहिजे. तू प्रार्थना केलीस हे खरं आहे. कशासाठी केलीस ते त्या पाळकाला कुणी सांगितलेलं नाही.

तू वसतिगृहात रांधायचीस, तिथला तो स्वयंपाक मला अजून दिसतो. चाळीस मुलींचा भात. दोन्ही हातांनी टोपाचे कान धरून तू तो चुलीवरून उतरवतेस, पेज वेगळी काढतेस, कपाळावरचा घाम दंडाने पुसतेस. धाकटी बहीण सात वर्षांची असल्यापासून तुझ्या मागेपुढे: तांदूळ निवड, खोबरं किस, बांगडे धुऊन आण. आणि मी खिडकीखालच्या स्टुलावर. त्या स्टुलावर बसून मी मोठी झाले, आई. पोलिओ डाव्या पायाला झाला होता, हात दोन्ही धड होते, पण तू मला लसूणसुद्धा सोलू दिला नाहीस. "तू बस गो. तुला नाही जमायचं." हे तू प्रेमाने म्हणायचीस, म्हणून त्याला उत्तर नसायचं. बाबा मुंबईला कंपनीत, वर्षातून एकदा नाताळात यायचे, तेही मला बघितलं की आधी तुला विचारायचे, "हिचं कसं?" हिचं कसं. मी समोर बसलेली असायचे.

एकदा तू वॉर्डनबाईंकडे प्रार्थनेला गेलीस तेव्हा मी विळी पुढे ओढून संध्याकाळचे सगळे कांदे चिरून ठेवले. दहा वर्षांची असेन. बारीक चिरले होते, तू चिरायचीस त्याहून बारीक. मला वाटलं तू बघून खूश होशील. तू दारातच थांबलीस, मग येऊन विळी माझ्यासमोरून अशी काही उचललीस की मी दचकून मागे सरले. "एक पाय गेलाच आहे, आता बोटंपण घालवायचीत?" असं म्हणालीस. धाकटीच्या देखत. मग रात्री जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटल्यावर तू रोजची प्रार्थना केलीस: प्रभू, या लेकराला बरं कर, हिचा पाय सरळ कर, तोवर हिला सांभाळ. तोवर. मी डोळे मिटले नव्हते. मी बघत होते की कांदे आमटीत पडले होते आणि त्यांच्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत.

आलं गेलं माणूस, नवा पाळक, नवी वॉर्डन, कुणीही आलं की तू मला पुढे करायचीस. "हिच्यासाठी प्रार्थना करा." माझं नाव सांगायच्या आधी माझा पाय सांगायचीस. लोक माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. किती जणांचे हात माझ्या डोक्यावर पडले त्याची गणती नाही. सातवीत गणितात मी वर्गात पहिली आले होते, ते तू कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि मग ती पालीची सभा. तू ती विसरली असशील, मी विसरलेले नाही. मी बारा वर्षांची. बाजाराच्या पुढे कातळावर मोठा मंडप घातला होता आणि घाटावरचा कुणी उपदेशक यायचा होता, त्याच्या सभेत आंधळे बघतात अशी बातमी होती. आपण टेम्पोत मागे बसून गेलो. तू आदल्या दिवशी उपास केला होतास, मलाही करायला लावलास. माझा विश्वास होता, आई. हे तू नीट वाच. टेम्पोत बसल्या बसल्या मी ठरवलं होतं की पाय बरा झाला की परत येताना मी उभीच राहीन, बसणार नाही. मंडपात माझी पाळी आली तेव्हा त्या माणसाने माझा कॅलिपर सोडायला सांगितला. तू खाली बसून स्वतःच्या हाताने पट्टे सोडलेस. कुबडी दुसऱ्या कुणीतरी घेतली. तो माइकवर ओरडला, "चाल!" शेकडो माणसं हात वर करून उभी होती. मी उजवा पाय टाकला. मग डावा टाकला आणि स्टेजच्या फळ्यांवर तोंडावर पडले. हनुवटी फुटली. तो वाकला नाही. माइकमध्येच म्हणाला, "कुठेतरी संशय आहे," आणि पुढच्या माणसाकडे वळला.

तू रुमालाने रक्त पुसलंस. परत येताना, हातखंब्याच्या आसपास, अंधार पडत आला होता, तेव्हा तू हळूच विचारलंस, "खरं सांग हां. मनात शंका आणलीस?" मी बारा वर्षांची होते. हनुवटीला तुझा रुमाल दाबून धरला होता. टेम्पोत बाकीचे ऐकत होते. तू त्या माणसाला विचारायचं सोडून मला विचारलंस.

एवढ्यावर थांबतीस तरी मी कदाचित गप्प बसले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलिपर मागितला. तू म्हणालीस, "नाही. आता विश्वासाने चालायचं. घातलास तर देवाला वाटेल आपण त्याचं घेतलेलं परत केलं." तू तो कुबडीसकट लाकडी कपाटात ठेवलास, कडी लावलीस, कुलूप घातलंस, किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधलीस. महिनाभर, आई. महिनाभर मी घरात जमिनीवरून सरपटत फिरले. शाळा बुडाली. संडासला जायचं म्हणजे धाकटीच्या खांद्याला धरून, आणि ती नऊ वर्षांची. तू रोज संध्याकाळी मला भिंतीला धरून उभी करायचीस, हात सोडायला सांगायचीस, मी पडायचे, आणि तू रडायचीस. तुला रडताना बघून मलाच अपराधी वाटायचं.

शेवटी एका दुपारी तू बाजाराला गेलीस तेव्हा मी भाजीची सुरी घेतली. कुलूप तोडणं माझ्याने झालं नसतं, पण कोयंडा चार स्क्रूंनी बसवलेला होता. सुरीचं टोक घालून मी एकेक स्क्रू फिरवला. तीन लगेच सुटले, चौथा गंजलेला होता, त्याच्यावर खोबरेल तेल ओतून थांबले. तो फिरला तेव्हा जो आनंद झाला तसा मला त्याआधी कधी झाला नव्हता. तू परत आलीस तेव्हा मी कॅलिपर घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू पिशवी खाली ठेवलीस, आधी कपाटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुझा देवावर विश्वास नाही."

"देवावर आहे," मी म्हटलं.

त्या दिवसापासून जेवणाआधीची प्रार्थना तू मोठ्याने करायची सोडलीस, आणि मनातल्या मनात करायला लागलीस. तुझे ओठ हलताना दिसायचे. ते मोठ्याने ऐकण्यापेक्षा वाईट होतं.

दहावी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही. धाकटीला नर्सिंगला घालायचं हे ठरलेलं होतं. मी वसतिगृहाच्या गेटजवळच्या पायरीवर बसायला लागले. समोर, रस्त्यापलीकडे, मिस्त्रीचाचांचं जळक्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान. ते हाताने फिरवायच्या यंत्रावर तार गुंडाळायचे आणि वेढे मोठ्याने मोजायचे. एकही चुकला तर मोटर गरम होऊन पुन्हा जळणार. एक दिवस एक गिऱ्हाईक मध्येच येऊन काहीतरी विचारायला लागलं, चाचांनी उत्तर दिलं, आणि मग हात तसाच ठेवून कपाळाला आठ्या घालून बसले. मोजणी हरवली होती. मी रस्त्याच्या या बाजूने ओरडले, "चाचा, एकशे सोळा झालेत!"

त्यांनी वर बघितलं. मग सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजली, माझ्यावर विश्वास ठेवून पुढे नाही गेले, हे मला फार आवडलं. एकशे सोळा भरले. चाचा रस्ता ओलांडून आले ते सरळ तुझ्याकडे, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. मी पायरीवरून ऐकत होते.

"ताई, बायला माझ्या दुकानात पाठवा. काम शिकवतो."

"तिला? ती कशी करणार मिस्त्री, तिला उभं राहवत नाय."

"मोटर भरायला पाय लागत नाय ताई. बोटं लागतात नि डोकं लागतं."

"देव तिला बरी करील तेव्हा बघू," तू म्हणालीस. आणि दार लोटून घेतलंस.

मी सोळा वर्षांची होते आणि देव मला बरी करीपर्यंत मी पायरीवर बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडला. मागून तुझी हाक आली, "काय गो, खुळी झालीस काय? पडशील!" मी वळले नाही. चाचांनी आधी तेलाची बुधली आणून माझ्या कॅलिपरच्या गुडघ्यातल्या सांध्यात दोन थेंब सोडले, कारण खाऱ्या हवेने तो करकरत होता, आणि मग एक जळकी मोटर पुढ्यात ठेवली. "उघड," म्हणाले. एवढंच. मला माझ्या आयुष्यात तोवर कुणी काही उघड म्हणालेलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी कितीतरी मोटरी बिघडवल्या. चाचा शिव्या द्यायचे. खऱ्या शिव्या, जशा कुणालाही देतील तशा. मला त्या शिव्यांचं किती अप्रूप होतं ते तुला कळलं नसतं. पुढे त्यांना दिसेनासं झालं आणि दुकान मी बघायला लागले. आंब्याच्या बागेवाले यायचे, आत डोकावून विचारायचे, "मिस्त्री कुठाय?" मी म्हणायचे, "मीच." काही जण मोटर उचलून परत न्यायचे. त्यातलेच काही आठवड्याभराने तीच मोटर दुसरीकडून बिघडवून घेऊन पुन्हा माझ्याकडे यायचे. मी ती ठेवून घ्यायचे. लोकांचा मला इतका राग आला नाही. ते परके होते, त्यांना एकदा मोटर चालू करून दाखवली की पुरायचं. तुला काय दाखवायचं होतं मी?

दुकान माझ्या नावावर झालं त्या दिवशी तू तेव्हाच्या पाळकांना घेऊन आलीस. मी खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. दुकान झाडून पुसून घेतलं होतं, चाचा खुर्चीत टोपी घालून बसले होते, चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. पाळकांनी आशीर्वादाची छोटी प्रार्थना केली. मग तू म्हणालीस, मीही दोन शब्द बोलते. डोळे मिटलेस आणि त्या सगळ्यांसमोर म्हणालीस, "प्रभू, माझ्या लेकीला लवकर बरी कर, म्हणजे तिच्यावर हे असलं काम करायची पाळी राहणार नाही." सगळे "आमेन" म्हणाले, कारण आमेन म्हणायची सवय असते. चाचा म्हणाले नाहीत. मी पाना हातात घेऊन उभी होते, आणि मला वाटलं, हा खाली ठेवावा आणि आता कधीच काही करू नये. म्हणजे तुझं एकदाचं बरोबर ठरेल.

ही तुझी प्रार्थना. हिचं फळ म्हणून मला शाल मिळाली.

तू समजत होतीस त्याच्या उलट, मी देवाला सोडलं नाही. तू मला देवासमोर नेहमी तक्रार म्हणून उभी केलीस, तरी मी गेले. मागच्या बाकावर बसायचे, पाय लांब करता येतो म्हणून. पवित्र शास्त्रात एक माणूस आहे, रात्रभर देवाशी झुंजला, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. आशीर्वाद मिळाला, आणि मांडीचा सांधा निखळला. सकाळी तो लंगडत निघाला. तिथे कुठेही लिहिलेलं नाही की पुढे त्याचा पाय बरा झाला. मी शोधलं. लंगडत गेला आणि आशीर्वाद घेऊन गेला, दोन्ही एकाच सकाळी. एवढे उपदेशक तू मला ऐकवलेस, त्यातल्या एकाने ही गोष्ट माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितली नाही. ती मला एका दुपारी दुकानात, भरलेल्या मोटरीचं वॉर्निश सुकायची वाट बघत, एकटीला वाचावी लागली. वाचून मी रडले आणि मग मला तुझा भयंकर राग आला, कारण तू रोज सकाळी शास्त्र वाचायचीस. तू ते पान शंभर वेळा उलटलं असशील.

एक गोष्ट मी विसरले असं समजू नकोस. मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेची घाटी तू मला कडेवर घेऊन चढायचीस, वसतिगृहाचा नाश्ता उरकून, आणि दुपारी पुन्हा न्यायला यायचीस. मी जड होते. वरच्या वळणावर तू थांबायचीस, तुझी छाती माझ्या कुशीला लागून वरखाली व्हायची. तेवढं मला आठवतं आणि ते आठवलं की हे सगळं लिहिणं अवघड होतं. पण मला वाटतं तिथेच काहीतरी झालं. तू मला उचललंस आणि मग खाली ठेवायला तुझा जीवच झाला नाही. मला चालता येतं हे तुला दिसलं असतं तर तुझ्या एवढ्या वर्षांच्या प्रार्थनेचं काय झालं असतं? वेडंवाकडं, खटखटत, पण चालत होते ना मी. बरी न होताच मी माझं पोट भरत होते, धाकटीच्या मुलाच्या बारशाला साखळी केली, चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. तुला यातलं काहीच पुरलं नाही. तुला पायच हवा होता.

हे मी पाळकसाहेबांना दाखवणार नाही. पुढच्या रविवारी ते हसून हात जोडतील, मीही जोडीन. धाकटीला तर नाहीच दाखवणार, कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही.

तू दवाखान्यात होतीस त्या शेवटच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, आई तुला विचारतेय. सारखी विचारतेय. लवकर ये." मी म्हटलं, "बागेवाल्याची मोटर हातात आहे गो, तेवढी संपवते नि निघते." दोन वाजता तू गेलीस. धाकटीने सगळ्यांना सांगितलं, ताईचं काम अडलं होतं, निघता आलं नाही तिला. अजून तसंच सांगते. माझ्या बाजूने सांगते.

ती मोटर आदल्या दिवशीच भरून झाली होती. सुकली होती, तपासली होती, चिठ्ठी लावून ठेवली होती. त्या सकाळी दुकानात काहीच काम नव्हतं. मी नुसती बसून होते, दोन वाजेपर्यंत. मी येऊन उभी राहिले की वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर तू माझा हात धरशील आणि शेवटच्या श्वासानेही माझ्या पायाचंच मागशील, असं मला वाटलं, आणि ते मला आणखी एकदा ऐकवलं नसतं.

शेवटी काय मागितलंस ते धाकटीला माहीत आहे. ती तुझ्या उशाशी होती. अकरा वर्षांत मी तिला विचारलेलं नाही.